भिंतींना सुटलेला घाम

कोकणातल्या माणसाला ओलीचं कौतुक कुणी शिकवावं लागत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आम्ही ओलीतच नांदतो. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, आगपेटीची काडी पेटत नाही, चपलांवर हिरवी बुरशी येते आणि मिरगापूर्वी भरून ठेवलेल्या पापडांना कुबट वास सुटतो. मराठीत 'ओल' आणि 'ओलावा' हे शब्द एकाच घरातले. पण ओल भिंतीला लागते आणि ओलावा माणसाच्या बोलण्यात असतो. उर्दूत 'नमी' या एकाच शब्दात दोन्ही अर्थ सामावतात. युनानी हकीम शरीरातल्या 'रतूबत'बद्दल बोलतात आणि मी वर्गात तोच शब्द हवेसाठी वापरते.

मी एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. दहावीच्या पुस्तकात उष्णतेच्या प्रकरणात आर्द्रता आणि दवबिंदू येतात. तबखीर म्हणजे बाष्पीभवन, तकसीफ म्हणजे संघनन आणि दवबिंदू म्हणजे नुक्त-ए-शबनम. हा शेवटचा शब्द फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघून हसतात. शबनम नावाची एखादी मुलगी दर वर्षी वर्गात असतेच. स्टीलच्या पेल्यात बर्फ टाकून पेल्याला बाहेरून पाणी कसं सुटतं ते मी दाखवते. पेला गळत नाही, ते पाणी हवेतलंच असतं, एवढं पटलं की धडा संपतो. परीक्षेत त्यावर दोन-तीन गुणांचा प्रश्न येतो. हा दोन-तीन गुणांचा धडा माझ्या माहेरच्या भिंतीवर असा उमटेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

माझं माहेर आणि सासर एकाच गावात, दाभोळ खाडीच्या काठी. माहेरचं जुनं घर चिऱ्याचं, कौलारू होतं. पुढे ओटी, आत माजघर, मागे रांधप आणि त्याहीमागे चार पावलं अंगण सोडून न्हाणी. न्हाणीत चुलवण, त्यावर तांब्याचा हंडा. न्हाणीचं पाणी केळींना जायचं आणि वाफ कौलांच्या फटींतून निघून जायची. पावसात न्हाणीला जाताना भिजावं लागायचं म्हणून आम्ही मुलं कुरकुर करायचो. घर बांधणाऱ्या आजोबांनी न्हाणी घरापासून तोडून का बांधली, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्या घराची कौलं पत्त्यांसारखी उडाली, माडाचं झाड पडून माजघराची भिंत कलली. अब्बा त्याआधी चार वर्षांपूर्वीच गेले होते. अम्मी एकटी. भाई तेव्हा कुवेतमध्ये. विमानं बंद, येणं शक्य नाही. फोनवर तो एवढंच म्हणाला, "आता कौलं नकोत. स्लॅब टाकू. अम्मीच्या डोक्यावरचं छप्पर पुन्हा उडता कामा नये."

या वाक्यामागे त्याची पंधरा वर्षांची कमाई उभी होती. २०२२ साली नवं घर झालं. स्लॅब, संगमरवरी लादी, पीओपीचं छत, ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचेच्या खिडक्या, अम्मीच्या खोलीत एसी. गावात आखाती पैशांची अशी चाळीसेक घरं आहेत. आमचं त्यांत मोठं नव्हे, पण नीटनेटकं.

भाई आयटीआयचा. कुवेतमध्ये तो एअर कंडिशनिंगची देखभाल करतो. तिथल्या श्रीमंत घरांत जमिनीखाली मजला असतो, त्याला सरदाब म्हणतात. शब्द मूळचा फारसी, सर्द म्हणजे थंड आणि आब म्हणजे पाणी. अशा कित्येक सरदाबांत घरगुती पोहण्याचे तलाव असतात. बाहेर वाळवंट तापलेलं आणि आत तळघरात निळं, कोमट पाणी. त्या तलावांच्या खोल्या कोरड्या राखणं हे भाईचं काम.

अम्मीचे गुडघे जुने दुखणेकरी. डॉक्टरांनी गरम पाण्यात पाय सोडून बसायला सांगितलं होतं. भाईने ते मनावर घेतलं. डिसेंबर २०२२च्या सुट्टीत त्याने मुंबईहून एक गरम पाण्याचा टब मागवला. दीड मीटर लांब, तेवढाच रुंद, पाणी आपोआप ३८ अंशांवर राखणारा, खालून बुडबुडे सोडणारा. अम्मीच्या खोलीलगतच्या खोलीत तो बसला. गावातल्या बायका बघायला आल्या. एकीने विचारलं, "यात वजू चालतं काय गे?" अम्मी लाजली, पण त्या हिवाळ्यात ती जिना चढू लागली, हेही खरं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी तिला मांडी घालून बसलेली पाहिली.

मग २०२३चा पाऊस आला.

आधी टबच्या खोलीतलं पीओपी पिवळं पडलं. मग काचांवरून पाणी ओघळू लागलं. मग अम्मीच्या खोलीच्या भिंतीवर, पंख्याच्या उंचीपर्यंत, काळ्या ठिपक्यांची नक्षी उमटली. अम्मी म्हणाली, "भिंतीला घाम सुटलाय, पोरी." जुलैच्या मध्यापर्यंत तिचा दमा, जो कित्येक वर्षं शांत होता, उलटला. रात्री दोन-दोनदा पंप घ्यावा लागे.

आणि एक दिवस मी भिंतीतलं कपाट उघडलं. अब्बा प्राथमिक उर्दू शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर ते गावोगाव फिरून कोकणी मुसलमान बायकांची लग्नातली गाणी उतरवून घ्यायचे. हळदीची, मेंदीची, नवऱ्याला चिडवण्याची. बोली कोकणी, लिपी उर्दू. अकरा वह्या. गाणी सांगणाऱ्या बहुतेक म्हाताऱ्या आता कबरीत आहेत. त्या वह्या त्याच भिंतीच्या कपाटात होत्या. वरच्या तीन वह्यांचे पुठ्ठे फुगले होते, पानं एकमेकांना चिकटली होती आणि शाईची अक्षरं कडेने निळी होऊन पसरली होती.

या सगळ्याचं मूळ कुठे आहे ते मला ठाऊक होतं. पण ते भाईला कसं सांगायचं? जो माणूस पंधरा वर्षं परक्यांच्या तळघरांतली ओल उपसतो, त्याने आईसाठी घातलेल्या घरातच ओलीने आईचा श्वास अडतो आहे, हे वाक्य फोनवर उच्चारायला जीभ वळेना. अम्मीने तर बजावलंच होतं, "त्याला काही सांगू नकोस. तो तिथं एकटा असतो."

मी शिक्षिका आहे. बोलता येत नाही तेव्हा मोजता येतं. मी एक छोटा डिजिटल आर्द्रतामापी घेतला. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या ओल्या-कोरड्या फुग्याच्या तापमापीशी तो ताडून पाहिला आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नोंदी केल्या. बाहेर ओटीवर २७ अंश, ९० टक्के. टबच्या खोलीत २९ अंश, ९५ टक्के. अम्मीच्या खोलीत, एसी बंद असताना, ८८ टक्के. आमच्या पुस्तकात लिहिलंय की सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की हवा दमट वाटते. कागदावर बुरशी धरायला ७० टक्के पुरतात.

मग टबच्या कडेला पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टी लावली. रात्रभर टब उघडा आणि चालू ठेवला. सकाळी पाणी ३ मिलिमीटर खाली. तीन मिलिमीटर म्हणजे काय? दीड मीटर गुणिले दीड मीटर गुणिले तीन मिलिमीटर: पावणेसात लिटर. एका रात्रीत जवळजवळ अर्धी बादली पाणी कुणी न सांडता घरात सांडलं होतं. मोरीतून ते गेलं नव्हतं. ते भिंतीत, गादीत, अम्मीच्या छातीत आणि अब्बांच्या वह्यांत गेलं होतं.

हे आकडे मी भाईला पाठवले. तक्रारीचा एक शब्दही लिहिला नाही. दोन तासांनी त्याचा फोन आला. आवाज शांत होता, कामावर असतो तसा. "झाकण कुठाय?" त्याने पहिलं विचारलं. झाकण जड म्हणून अम्मीने कधीच पडवीत ठेवून दिलं होतं. "एक्झॉस्ट फॅन कुठे उघडतो?" मी जाऊन पाहिलं. ठेकेदाराने तो जिन्याच्या पोकळीत उघडला होता. म्हणजे पंखा लावला की वाफ घराबाहेर न जाता वरच्या मजल्यावर जात होती. भाई थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पोर्शन बघून पैसे दिले मी त्याला. फोटो छान पाठवायचा."

त्या रात्री त्याने मला जवळजवळ तासभर शिकवलं. मी बी.एड. केलेली बाई वहीत टिपणं घेत होते.

तो म्हणाला, पाणी हवेत किती जाणार ते तीन-चार गोष्टींवर ठरतं: पाण्याचा उघडा पृष्ठभाग, पाण्याचं तापमान, हवेत आधीच किती वाफ आहे आणि पाणी किती हलतंय. सरदाबातला आठ बाय चार मीटरचा तलाव, पाणी २८ अंश, उघडा असेल तर दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी हवेत सोडतो. रोजचे चार हंडे! म्हणून तिथला पहिला नियम, वापरात नसेल तेव्हा तलाव झाकायचा. दुसरा नियम ऐकून मला नवल वाटलं. खोलीची हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंश गरम ठेवायची. हवा थंड केली की उलट पाणी जास्त उडतं आणि गार काचेवर, भिंतीवर जमतं. तिसरा, खोलीतली आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांत राखायची. चौथा, खोलीतून जेवढी हवा आत येते त्याहून थोडी जास्त बाहेर ओढायची, म्हणजे हवा घरातून तलावाच्या खोलीकडे जाते, तलावाच्या खोलीतून घरात नाही.

"आणि नाही राखलं तर?" मी विचारलं.

त्याने एक गोष्ट सांगितली, ती त्यांना प्रशिक्षणात सांगतात. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे १९७२ साली एक बंदिस्त तरणतलाव सुरू झाला. वर काँक्रीटचं छत, स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांनी टांगलेलं. तलावाच्या दमट हवेतला क्लोरिनचा अंश त्या सळ्यांवर साचत राहिला आणि आतून त्यांना चिरा गेल्या. वरून काही दिसलं नाही. ९ मे १९८५ रोजी ते छत पाण्यावर कोसळलं. १२ माणसं गेली. "ओल भिंतीवर दिसते तेव्हा ती बरी," भाई म्हणाला. "दिसत नाही तेव्हा घात करते."

अम्मीच्या खोलीच्या भिंतीचं कोडंही त्यानेच सोडवलं. अम्मीचा एसी २२ वर, त्यामुळे मधली भिंत गार. पलीकडे टबच्या खोलीतली वाफाळ हवा, जिचा दवबिंदू २७-२८ अंशांचा. म्हणजे ती भिंत माझा बर्फाचा पेला झाली होती! टबच्या बाजूने तिच्यावर अहोरात्र दव पडत होतं आणि ते सिमेंटमधून पाझरून कपाटाच्या पाठीशी येत होतं. पावसात वीज गेली, एसी थांबला की टबच्या खोलीतली वाफ दाराखालून अम्मीच्या खोलीतही शिरायची आणि गार कपाटात जमायची. वर कपाटाला वाऱ्याची एक फटही नाही.

पण कुवेतचं सगळं शास्त्र कोकणाला जसंच्या तसं लागू पडत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी आकडेमोड करताना कळलं. भाई म्हणाला होता, जोराचा पंखा लाव, बाहेरची हवा आत घे. कुवेतमध्ये हे ठीक आहे. तिथे ४५ अंशांच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता १० टक्के असली, तर एका घनमीटर हवेत जेमतेम साडेसहा ग्रॅम वाफ असते. आपल्याकडे जुलैत २७ अंश आणि ९० टक्के म्हणजे घनमीटरमागे सुमारे २३ ग्रॅम. टबच्या खोलीत २७ ग्रॅम. म्हणजे बाहेरची एक घनमीटर हवा आत घेऊन आतली बाहेर टाकली तर फक्त चार ग्रॅम वाफ जाणार. सात लिटर पाणी असं काढायला पावणेदोन हजार घनमीटर हवा हवी, म्हणजे ती खोली साठ वेळा रिकामी करून भरावी लागेल. कुवेतच्या हवेत हेच काम साडेतीनशे घनमीटरांत झालं असतं. आमच्या बायका पावसात "खिडकी उघड, ओल जाईल" म्हणतात. डिसेंबरात ते खरं आहे, जुलैत अगदी थोडं.

भाईला मी हे गणित सांगितलं. तो हसला. "मास्तरीण झालीस खरी," म्हणाला. मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.

एक्झॉस्टचं तोंड जिन्यातून काढून बाहेरच्या भिंतीत नेलं. टबच्या खोलीच्या दाराला खाली फट ठेवली आणि दार कायम बंद राहील अशी स्प्रिंग लावली, म्हणजे पंखा चालू असला की वारा घरातून आत जातो, उलटा येत नाही. पंखा आंघोळीनंतर तासभर चालू राहील असा टायमर बसवला. एसी २२ ऐवजी २७ वर. मधल्या भिंतीचं भिजलेलं प्लॅस्टर खरवडून ती कोरडी होईपर्यंत उघडी ठेवली. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणलं, वरखाली जाळी केली. अम्मीच्या खोलीत एक घरगुती डीह्युमिडिफायर आला. हवा गार नळ्यांवरून नेऊन तो तिचं पाणी काढतो, माझ्या बर्फाच्या पेल्याचंच यंत्र. वाफेचं पाणी होताना सुप्त उष्मा सुटतो, त्यामुळे खोली जराशी गरम होते. अम्मी कुरकुरली. पण पहिल्याच दिवशी त्याच्या टाकीत साडेपाच लिटर पाणी जमलं, ते मी तिला दाखवलं. ती बघतच राहिली. "हे मी श्वासात घेत होते?"

टबचा प्रश्न राहिला. भाई म्हणाला, काढून टाकू. त्याच्या आवाजात मला जे ऐकू आलं ते अम्मीलाही आलं असावं. ती म्हणाली, "काढायचा नाही. माझ्या पोराने आणलाय. पण मिरग लागला की रिकामा करायचा आणि दिवाळीनंतर भरायचा. पावसात मी पिशवीने शेकेन." दोन इंजिनिअर, एक शिक्षिका आणि एक ठेकेदार यांना जमलं नसतं ते तिने एका वाक्यात उरकलं. तिच्या सासऱ्याने न्हाणी चार पावलं लांब बांधली होती, तिने ती चार महिने लांब नेली.

मुंबईत शाळेची सहल नेली तेव्हा मी मुलींना क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद दाखवली. १८०२ साली पूर्ण झालेली ही इमारत जुन्या तलावावर उभी आहे. पाण्यातून दगडी कमानी वर येतात, हौदात मासे फिरतात. एका मुलीने विचारलं, "मिस, इथे भिंतींना घाम का सुटत नाही?" मी तिलाच उत्तर शोधायला लावलं. पाणी तापवलेलं नाही. वर उघडा चौक आहे. वाफ अडवणारं पीओपी नाही. पाण्यासोबत राहायचं तर त्याला वाट ठेवावी लागते, एवढी अक्कल दोनशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांना होती.

आमच्या गावातल्या चाळीस घरांपैकी निम्म्यांत पावसात कुणी नसतं. माणसं दुबईला, कतारला, मुंब्र्याला. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आत सोफ्यांवर बुरशी. मे महिन्यात मालक येतात, रंग मारतात, जातात. पुन्हा जूनमध्ये रंगाखालून तेच ठिपके. उर्दू शाळेतल्या माझ्या कित्येक मुलींचे वडील त्या घरांचे पैसे भरतात आणि वर्षातून तीस दिवस तिथे झोपतात. मी आता दहावीला हा धडा शिकवताना त्यांना घरचे आकडे आणायला सांगते. मापी वर्गात फिरवते. कुणाच्या घरी ८५, कुणाच्या ९१. मुली आईला सांगतात, ओले कपडे आत वाळत घालू नका, भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवा. एका मुलीने बापाला फोन करून एक्झॉस्टचं तोंड बदलायला लावलं. दोन-तीन गुणांपेक्षा हे बरं.

अब्बांच्या वह्या मी हिवाळ्याची कोरडी हवा येईपर्यंत हात लावल्या नाहीत. मग अंगणात, नाकाला फडकं बांधून, मऊ कुंचल्याने एकेक पान झटकलं. उन्हात घातल्या नाहीत, शाई उडते. पंख्याच्या वाऱ्यात, पानांमध्ये टीपकागद घालून वाळवल्या. आठ वह्या पूर्ण वाचल्या. उरलेल्या तिघींतली सोळा पानं गेली. त्यात एक मेंदीचं गाणं होतं, ज्याची पहिली ओळ अम्मीला आठवते आणि पुढची नाही. मी आता उरलेली गाणी देवनागरीतही उतरवते आहे आणि प्रत्येक पानाचा फोटो भाईकडे पाठवते. तो रात्री कामावरून आला की उघडून वाचतो. परवा त्याने त्या सोळा पानांबद्दल विचारलं. म्हणाला, खालच्या मोहल्ल्यातल्या एका मावशीला ती गाणी येत असतील, ती नव्वदीला आली आहे, तू जा.

रविवारी मी जाणार आहे. अम्मीही येते म्हणाली. तिच्या खोलीतला मापी आज ५८ दाखवतो.